कितीवर पळतोय?

मुलीचं लग्न ठरलं म्हणून आम्ही दोघं पेढे घेऊन तात्यांकडं गेलो. त्यांनी पुड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जावई कितीवर पळतोय?"

"पंच्याहत्तर किलो असतील," आमची ही भाबडेपणानं म्हणाली, "पण उंच आहेत, दिसत नाही."

तिची चूक नाही. तात्या मोहोळच्या बाजारात जन्मभर तोलार होते. त्यांच्या तोंडून किलो निघाला की माणसाला ज्वारीचं पोतंच आठवतं. पण रिटायर झाल्यावर ते घोड्यांकडं वळले, आणि तेव्हापासून वजन म्हणजे जॉकी अधिक खोगीर, कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त ओझं. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो. ४० रेटिंगवाला ६० किलो घेऊन निघाला तर ३० वाल्याच्या पाठीवर ५५. जिंकलास? रेटिंग चढलं, पुढच्या वेळी आणखी घे. हरत राहिलास? उतरलं. पुण्याचा मोसम लागला की तात्या हे सगळं तोलाईच्या जुन्या वहीत कॉपिंग पेन्सिलीनं मांडतात. पेन्सिल जिभेला लावायची सवय, त्यामुळं पावसाळाभर त्यांची जीभ जांभळी.

घोड्यांवर भागलं असतं तर तक्रार नव्हती. परवा एसटी चाळीस मिनिटं उशिरा आली. आम्ही करवादलो, तात्यांनी दारातून उतरणारी माणसं मोजली. "बावीस उभी होती. ह्या वजनाला गाडी दहा मिनिटं लवकरच आली म्हणा." निवडणुकीत कुणी पडला की सांत्वनाला जाऊन म्हणतात, "समोरच्याचा बाप पुढारी, त्याला सात किलो सूट. तू हरला न्हाईस." पडलेला माणूस तेवढ्यावर पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा पडतो.

'एम ३५-१' मालदांडी ज्वारी मोहोळची, हा आम्हा सगळ्यांचा अभिमान. तात्यांचं कौतुक वेगळंच. "ऊस पाटाचं पाणी पिऊन पळतो, पन्नासवर. शाळू नुसत्या जमिनीतल्या ओलीवर. बासष्ट धरा."

महालक्ष्मीच्या डर्बीवर मात्र त्यांचा बहिष्कार आहे. तिथं रेटिंगचं वजन नाही. घोड्यांना सारखं, घोडीला दीड किलो सूट. "सगळ्यांना सारखं? ही शर्यत का पंगत?"

एकदा त्यांच्याबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर गेलो. वहीत पहिल्या आलेल्या घोड्यावर मी शंभर रुपये लावले. तो शेवटून दुसरा आला. तात्यांचं लक्षच नव्हतं. घामेजलेला जॉकी खोगीर काखेत मारून काट्याकडं निघाला होता आणि ते सदऱ्याचं वरचं बटण लावून ताठ उभे होते. "माझे शंभर गेले," मी म्हणालो. "लावायला कुणी सांगितलं? तोलारानं कधी बोली बोलू नये." तात्यांनी आजवर एक रुपयाही लावलेला नाही.

असल्या माणसाला टाळायचं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात दहावीचा निकाल लागला. चहाच्या टपरीवरच्या पोराला अठ्ठावन्न टक्के. त्याच्यासमोरच गिऱ्हाइकं कुणाच्या तरी पंच्याण्णवचं कौतुक करत होती. तात्यांनी वही काढली.

"टपरी कितीला उघडतोस?"

"पाचला."

"पाणी कोण भरतं?"

"मीच."

"क्लास?"

पोरगं हसलं. तात्यांनी पेन्सिल जिभेला लावली, बेरीज केली आणि वही सगळ्यांकडं फिरवली. "अठ्ठावन्न, पण बासष्ट किलोवर. ते पंच्याण्णव पन्नासवर पळालंय. ह्याचं रेटिंग चढवा."

पोरानं त्या दिवशी चहात जरा जास्तच साखर घातली. कुणी बोललं नाही. १९७२ च्या दुष्काळात शाळा सोडून तात्या खडी फोडायला गेले होते, हे मला ठाऊक होतं. वहीत ते पान मी कधी शोधलं नाही.

रात्री जावयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी पुडा घेऊन पुन्हा गेलो.

"वडील चार वर्षं अंथरुणाला. धाकट्या बहिणीची फी हाच भरतो. शिक्षणाचं कर्ज दोन वर्षं राहिलंय. तरी वेळेवर हप्ता."

तात्या बराच वेळ बेरीज करत राहिले. मग जांभळ्या जिभेवर एक पेढा ठेवला आणि दुसरा उचलला.

"द्या पोरगी."