स्प्लिट एसीचे जलशास्त्र

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर हवा थंड करण्यासाठी म्हणून जे यंत्र भिंतीला टांगले जाते, ते मुळात पाणी काढण्याचे यंत्र असून गारवा हा त्याचा जोडधंदा आहे, असे विधान केल्यास ग्राहक दुखावतील. परंतु इतिहास त्या विधानाच्या बाजूचा आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली, ती कामगारांना घाम येत होता म्हणून नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते म्हणून. कागदाची काळजी आधी आणि माणसाची सवडीने, हा क्रम लेखनव्यवसायातील मंडळींना ओळखीचा वाटेल.

एसीच्या घरातील भागात तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमची पातळ पाती यांची जी जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. तिचे तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली गेले की पाणी सुटते, ट्रेमध्ये उतरते आणि बहुतेक घरांत केवळ उताराच्या भरवशावर ड्रेन पाइपने बाहेर पडते. दमट दिवसांत एका रात्रीत बादली भरावी इतके हे पाणी असते. तथापि उतार सजावटीच्या सौंदर्यदृष्टीत बसत नसल्यामुळे पाइप फॉल्स सीलिंगच्या आडून सरळ, क्वचित किंचित चढावानेही नेला जातो आणि घराच्या शोभेखातर पाण्याने गुरुत्वाकर्षणाचा त्याग करावा, अशी अपेक्षा बाळगली जाते. त्यातच धूळ आणि बुरशी यांचा बुळबुळीत गाळ पाइपात बसला की पाणी मागे फिरते आणि नेमके पलंगाच्या उशाकडील बाजूने प्रकट होते.

या प्रसंगी पाचारण केलेला मेकॅनिक, यंत्र उघडण्यापूर्वीच, ‘गॅस कमी झालाय’ असे निदान करतो. हा गॅस, म्हणजे उष्णता वाहून नेणारे शीतक, बंद नळ्यांत फिरत असल्याने स्वयंपाकाच्या सिलिंडरासारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती असलीच पाहिजे, आणि खाऱ्या वाऱ्याने नळ्यांना बारीक छिद्रे पडणे किनाऱ्यावर नवलाचे नाही. अशा वेळी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने छिद्र शोधावे, ते झाळून बुजवावे, व्हॅक्यूम पंपाने आतील हवा आणि ओल काढावी आणि मग यंत्रावरील पट्टीत लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा, अशी शास्त्राज्ञा आहे. व्यवहारात मात्र छिद्राला हात न लावता नुसता गॅस भरला जातो, जेणेकरून पुढील उन्हाळ्यातही परस्परांचा स्नेह टिकावा. मेकॅनिकच्या निदानात तथ्यांश असतो, कारण गॅस कमी पडल्यास कॉइलवर बर्फ धरून तो वितळताना पाणी गळते. परंतु फिल्टर धुळीने बुजला तरी बर्फ धरतोच. पहिल्या कारणाला पैसे पडतात, दुसऱ्याला नळाचे पाणी. त्यामुळे प्रतिष्ठित घरांत पहिलेच कारण ग्राह्य धरले जाते.

पावसाळ्यात हा पेच अधिक शास्त्रीय होतो. हवा फारशी तापलेली नसल्याने ठरवलेले तापमान लवकर गाठले जाऊन कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहून कॉइलवरचे पाणी पुन्हा खोलीतच परतवतो. यावर पंख्याची गती मंद ठेवणारा ‘ड्राय मोड’ रिमोटवर उपलब्ध असतो आणि त्यावर थेंबाचे चित्रही असते. तरीही रिमोटवर १८ अंश लावून गोधडी पांघरण्याची परंपरा अबाधित आहे.

तात्पर्य, फिल्टर पंधरा दिवसांनी धुणे, पावसाळ्यापूर्वी ट्रे आणि पाइप साफ करणे आणि ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहणे, एवढ्यात देखभालीचा मोठा भाग आटोपतो. मात्र तांब्याभर पाण्याने होणाऱ्या निदानाचे बिल किती लावावे, हे अद्याप कोणालाच ठरवता आलेले नसल्याने गॅसच्या सिद्धान्ताला तूर्त तरी धोका संभवत नाही.