फिर्याद पट्ट्याविरुद्ध

व्यावसायिक व्हॅनचे बॉनेट उघडले असता इंजिनाच्या पुढच्या बाजूस एक काळा, चपटा रबरी पट्टा अनेक चाकांना वळसे घालत गेलेला दिसतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघून तो वीज तयार करणारा अल्टरनेटर (ज्याला जुने चालक आजही निष्ठेने डायनामो म्हणतात), पाणी खेळवणारा पंप, स्टिअरिंग हलके करणारा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर या सर्वांना एकटा फिरवतो. या मंडळींची नावे गाडीमालकाला तोंडपाठ असतात, कारण त्यांपैकी प्रत्येकाने त्याला कधी ना कधी खर्चात पाडलेले असते. त्याच वाटेवर आणखी एक लहान पुली असते. स्प्रिंग बसवलेल्या आखूड दांडीच्या टोकाशी ती असते आणि स्वतः काहीही न चालवता पट्ट्यावर रेलून राहते. या दांडी-स्प्रिंग-पुलीच्या जोडणीला टेन्शनर म्हणतात. काहीही न चालवता मोक्याची जागा अडवून बसणाऱ्यांवर एरवी समाजाची करडी नजर असते, परंतु टेन्शनर चिखलाआड बसत असल्यामुळे त्या नजरेतून सुटलेला आहे.

बजाज टेम्पोची मॅटाडोर रस्तोरस्ती दिसे त्या काळात पट्टा ताणलेला ठेवण्याचे काम माणूस करीत असे. पट्टा तेव्हा निमुळत्या छेदाचा, म्हणजे व्ही-बेल्ट असे. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, टॉमी अडकवून अल्टरनेटर बाहेरच्या बाजूस रेटायचा, तसाच धरून बोल्ट आवळायचा आणि मग दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबून तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबतो की नाही ते पाहायचे, अशी रीत होती. अंगठा हे या शास्त्रातील प्रमाणित मापनयंत्र होते आणि ते प्रत्येक गॅरेजात निराळे होते, ही त्या पद्धतीची एकमेव उणीव म्हणता येईल. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून सर्व उपकरणांसाठी एकच लांब, बारीक उभ्या खाचांचा पट्टा वापरण्याची पद्धत रूढ होत गेली, तिच्याबरोबर स्वयंचलित टेन्शनर आला आणि अंगठा सेवानिवृत्त झाला. जे आपोआप होते ते पाहण्याची गरज नसते, हा समज तेव्हापासूनचा आहे.

टेन्शनरचे खरे महत्त्व समजण्यासाठी लिओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील स्विस गणितज्ञाकडे जावे लागते, जरी त्याने व्हॅन कधी पाहिली नव्हती. चाकाला वेढलेला पट्टा न घसरता किती ओढू शकेल हे त्याच्या सूत्राने सांगता येते: ताणाच्या बाजूचे बल हे ढिल्या बाजूच्या बलाच्या काही पट असू शकते आणि ही पट घर्षणावर व वेढ्याच्या कोनावर अवलंबून असते. घर्षणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्याला ती सुमारे अडीच आणि पूर्ण वेढ्याला साडेसहाच्या आसपास येते. हे आकडे ऐकून कोणालाही पट्ट्याविषयी आदर वाटावा. पण ही पट ज्याला लागू व्हायची ते ढिल्या बाजूचे बलच नाहीसे झाले, तर शून्याला साडेसहांनी गुणूनही हाती शून्यच येते. ढिल्या बाजूचे हे बल पुरवणे एवढेच टेन्शनरचे काम आहे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्याच्या मागे फिरकी धरून जो उभा असतो, ज्याच्यामुळे मांजा ना लोंबतो ना गुंततो आणि ज्याचे नाव पेच जिंकल्यावर कोणीही घेत नाही, त्याच्याच जातकुळीचा हा भाग होय.

स्प्रिंग थकली किंवा बेअरिंग झिजले की पावसाळ्यातल्या पहाटे, बारा सवाऱ्या अष्टविनायकासाठी बसलेल्या असताना, गाडी सुरू होताच किंचाळी ऐकू येते. किंचाळतो पट्टा; सबब फिर्याद पट्ट्याविरुद्ध दाखल होते. उपचारांबाबत मात्र गॅरेजांमध्ये संप्रदायभेद आहेत. एक पंथ फिरत्या पट्ट्याला अंगाच्या साबणाची वडी लावतो, दुसरा तोंडाला लावायची पावडर भुरभुरतो, आणि आवाज ऐकताच तेलाची बुधली शोधणारा तिसरा पंथ टेन्शनरच्या सांध्यात दोन थेंब सोडून कृतकृत्य होतो. यांपैकी तिसरा सर्वांत श्रद्धाळू व सर्वांत घातक मानावा लागेल, कारण दांडीची थरथर आवरण्यासाठी त्या सांध्यात घर्षण मुद्दाम ठेवलेले असते, तेलाने ते नष्ट होते आणि उडालेले तेल पट्ट्याच्या रबराचीही वाट लावते. साध्या पाण्याची चाचणी अधिक प्रामाणिक आहे. इंजिन चालू असताना हात व सैल कपडे दूर ठेवून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परतला तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे आणि उलट वाढला तर ताण अपुरा आहे असे समजावे.

बहुतेक मिस्त्री पट्टा हातात घेऊन, तो उलटा मोडून भेगा शोधतात, आणि जुन्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांसाठी ही परीक्षा योग्यच होती. आजचे पट्टे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ते सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे मुकाट्याने झिजतात, त्यांच्या खाचा रुंदावतात आणि पट्टा पुलीत खोल बसू लागतो. भेग न दिसल्याने मिस्त्री समाधान पावतो, आणि टेन्शनरवर ताणाची मर्यादा दाखवणारी खूण असली तरी ती व तिचा वाचक यांच्यामध्ये भोरपासूनचा सगळा चिखल असतो.

वस्तुतः तपासणी अवघड नाही. इंजिन बंद करून पट्ट्याची वाट मोबाइलमध्ये टिपून ठेवावी, कारण पट्टा चुकीच्या मार्गाने घातल्यास पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो आणि मग इंजिन तापण्याचे कारण शोधण्यात दिवस जातो. पान्ह्याने दांडी सावकाश मागे घेऊन पट्टा उतरवावा, टेन्शनरची पुली हाताने फिरवून खरखर लागते का ते पाहावे, आणि दांडी पूर्ण अंतर न अडखळता जाते का तेही पाहावे. तिच्या मुळाशी गंजाचे ओघळ असतील किंवा गाडी उभ्याने चालू असताना ती सतत नाचत असेल, तर पट्ट्याबरोबर टेन्शनरही बदलणे शहाणपणाचे. येथे मालक हटकून विचारतो, “चालतंय ना अजून?” आणि मिस्त्री, गिऱ्हाईक टिकवण्याच्या हेतूने, म्हणतो, “चालंल की शेठ.” या संवादाची किंमत घाटात कळते, कारण आपल्याकडच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीशी जोडलेला असतो, पट्टा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, इंजिन तापते, स्टिअरिंग जड होते आणि थोड्याच वेळात ब्रेकचा पेडलही दगडासारखा होतो.

ज्या थोड्या गाड्यांत टेन्शनर खरोखर बदलला जातो, तेथेही काढलेला भाग भंगारात जात नाही. तो पुसून गॅरेजच्या फळीवर ठेवला जातो, तेथे आणखी एखादा पावसाळा काढतो, आणि ओरिजिनलची किंमत ऐकून हादरलेल्या दुसऱ्या एखाद्या मालकाच्या व्हॅनमध्ये निम्म्या दरात बसवला जातो. त्या व्हॅनला त्याच दिवशी नवा कोरा पट्टाही घातलेला असतो आणि महिन्याभरात तो किंचाळू लागला की पट्ट्यांच्या कंपन्या हल्ली पूर्वीसारखा माल बनवत नाहीत, असे सर्वानुमते ठरते.