बोला, पण गाऊ नका

पुण्यात हृदय नावाचा अवयव साधारण पंचावन्नाव्या वर्षी सापडतो. तोवर तो कवींच्या ताब्यात असतो. मग एके दिवशी रिपोर्ट येतो आणि ताबा डॉक्टरांकडे जातो. माझ्या बाबतीत हे हस्तांतर बँकेतून निवृत्त झाल्या झाल्या पार पडलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी घाबरवलं वगैरे नाही. जन्मभर कॅश सांभाळलेल्या माणसाला काय पटतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"हे बघा, नियमित चाललात की हृदयाचा स्नायू बळकट होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. मग बसल्या जागी तेवढंच काम कमी ठोक्यांत भागतं. मिनिटाला दहा ठोके वाचले, तर दिवसाचे किती झाले?"

"१४,४००," मी म्हणालो.

आमच्या बँकेनं असा दर कोणत्याच योजनेत कधी दिला नव्हता. अट एकच: खातं रोजच्या भरण्याचं. भरणा थांबला की काही आठवड्यांतच शिल्लक उतरू लागते. एका रविवारी सिंहगड चढून उरलेला महिना सोफ्यावर काढणाऱ्यांसाठी इथे मुदत ठेवीची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं किमान हप्ताही ठरवून दिलाय, आठवड्याला १५० मिनिटं.

"पण चालायचं किती जोरात?"

"इतकं, की बोलता यावं, पण गाता येऊ नये."

गाणं मला बसल्या जागीही येत नाही. त्यामुळे अर्धी परीक्षा मी तिथेच उत्तीर्ण झालो. उरलेला भाग बोलण्याचा, आणि त्याची तयारी या शहरात बालवाडीपासून होते.

मुलानं सोसायटीच्या जिममधली ट्रेडमिल सुचवली. गेलो. समोर भिंत, पायाखाली सरकता पट्टा, आणि शेजारच्या ट्रेडमिलवरच्या तरुणाच्या दोन्ही कानांत बोंडं. मी त्याला "काय उकडतंय!" म्हणालो, तर त्यानं एक बोंड काढून "काका, पट्टा थांबवू का?" असं विचारलं. पुढे आमच्या चालण्याच्या गटातल्या हेडमास्तरांनी माहिती पुरवली, की हे यंत्र आलं तेच मुळी तुरुंगातून. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८१८ च्या सुमारास कैद्यांकडून श्रम करून घेण्यासाठी पायचाक बनवलं. काही तुरुंगांत तर त्यावर दोन कैद्यांच्या मध्ये फळ्या ठोकल्या होत्या, आपसांत बोलू नये म्हणून. हे ऐकल्यावर मला त्या कैद्यांबद्दल जो कळवळा आला, तो सश्रम भागाबद्दल नव्हता.

मी पर्वतीची टेकडी धरली. नानासाहेब पेशव्यांनी वर देवळं बांधली, पुण्य मिळवलं. पण पुणेकरांच्या हृदयांवर त्यांचे खरे उपकार आहेत ते त्या १०३ पायऱ्यांचे. पायऱ्या चांगल्या रुंद आहेत. चौघांना शेजारी शेजारी चालत, कोणाचंही न ऐकता, एकाच वेळी बोलता येतं.

आमचा गट असाच जमला. हेडमास्तर, वकीलसाहेब, एलआयसीकाका, पीएमटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि मी. पहिल्या दिवसांत कोणाचं हृदय कुठवर पोचलंय, हे कळायला यंत्राची गरज नव्हती. व्याकरण पुरेसं होतं. पायथ्याशी सगळे मिश्र वाक्यात बोलत. पंचविसाव्या पायरीला "कारण", "म्हणून", "जर-तर" गळून पडत. पन्नासाव्या पायरीला विशेषणं जात. त्यापुढे "हो", "छे" आणि "कोण म्हणतं?" एवढ्यावर वाद चाले. मराठी माणूस एवढ्या भांडवलावरही वाद जिंकू शकतो, हा आपल्या संस्कृतीचा मोठेपणा.

हळूहळू वाक्यं लांबू लागली. एका सकाळी एलआयसीकाकांनी ऐंशीव्या पायरीवर कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमानं अख्खं वाक्य उच्चारलं. हेडमास्तरांना गहिवरून आलं. त्या वाक्यात काकांनी व्याह्यांची निंदा केली होती, पण ती गौण गोष्ट.

काकांचा एक सल मात्र जात नव्हता. पोट. दम वाढला, नाडी उतरली, पॅंट तशीच घट्ट. त्यावर हेडमास्तरांनी लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट सांगितली. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. आता शंका अशी, की ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? म्हणून १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या पॅंटींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण दोघांतल्या फरकाचं सगळं उत्तर त्या कमरेत सापडलं नाही. बारीक असो की जाड, कंडक्टर ड्रायव्हरापेक्षा सुरक्षित होता. मॉरिस स्वतः व्यायाम करत राहिले आणि २००९ साली ९९ व्या वर्षी गेले.

सगळ्यांनी आमच्या कंडक्टरांकडे पाहिलं. गटात सर्वांत मोठं पोट त्यांचं, आणि कधीही धाप न लागणारेही तेच.

"मी जन्मभर पब्लिकला 'पुढे सरका' म्हणत होतो," ते म्हणाले, "पब्लिक कुठलं सरकतंय? मीच सरकत होतो."

हेडमास्तरांच्या मनगटावर लेकीनं पाठवलेलं घड्याळ आहे. ते पावलं मोजतं आणि दहा हजारांचा आग्रह धरतं. हा आकडा एका जपानी कंपनीनं १९६५ साली पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, तेव्हाचा. यंत्राचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. गणपतीत आरतीच्या टाळ्यांची पावलं त्यात जमा झाली आणि हेडमास्तर देवासमोर उभ्या उभ्या लक्ष्याजवळ पोचले. तेव्हापासून गटानं घड्याळाची साक्ष अग्राह्य ठरवली.

खरी पंचाईत झाली ती वकीलसाहेबांची प्रकृती सुधारल्यावर. पूर्वी साठाव्या पायरीला त्यांचा युक्तिवाद आपोआप तहकूब होई. आता ते १०३ व्या पायरीवर पुरवणी मुद्दे मांडू लागले. विषय रिंगरोड असो वा भरली वांगी, निकाल लागेना. शेवटी त्यांच्या पाठीमागे उरलेल्या चौघांनी ठरवलं: वेग वाढवायचा.

लागू पडलं. दोन-तीन आठवडे पर्वतीवर नंदनवन होतं. मग त्या वेगाचीही त्यांना सवय झाली आणि सत्तराव्या पायरीला पुन्हा "माझा पुढचा मुद्दा असा" सुरू झालं. आम्ही आणखी वेग वाढवला. मग खाली येऊन दुसरी फेरी जोडली. त्यांनी तीही पचवली.

पुढच्या तपासणीला डॉक्टर माझा रिपोर्ट बघून खूष झाले. "शरीराला श्रमांची सवय झाली की तेवढ्याच श्रमातून नवा फायदा होत नाही. भार थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो. लोक नेमकं तेवढंच करत नाहीत. तुम्ही हे कसं साधलंत?"

मी वकीलसाहेबांचं नाव सांगितलं. डॉक्टरांना ते प्रशिक्षक वाटले. मी तो गैरसमज दूर केला नाही.

सध्या वकीलसाहेबांना गप्प करायला आम्हाला शेवटच्या वीस पायऱ्या पळाव्या लागतात. त्यांच्या वादातला एकही मुद्दा आजवर कोणाला पटलेला नाही, पण रोज पहाटे पाचजण अंथरुणातून उठतात ते कालचं उत्तर द्यायचं राहिलं म्हणून. दीडशे मिनिटांचा हप्ता कधी भरला जातो, ते कळतही नाही.

परवा एका शांत, मितभाषी गृहस्थांनी गटात येऊ का म्हणून विचारलं. सकाळी फक्त पक्ष्यांचा आवाज ऐकत चालायला आवडतं, म्हणाले. आम्ही एकमतानं, आणि गटाच्या इतिहासात प्रथमच एकमतानं, नम्र नकार दिला. माणूस चांगला असेल, पण आमच्या हृदयाला त्याचा काही उपयोग नव्हता.