पहाडाचा भाव

जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला थंड हवा खायची, तर ती नक्षत्र बघून खावी लागते. मृग तोंडावर आला की गावोगावचा शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आणि त्या दिवसांत मालक गल्ल्यावर नसला की वर्ष गेलंच म्हणायचं. त्याआधी लग्नसराई. मधे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत जी फट उरते, तिच्यात आमचे नाना दरवर्षी हिमालय बसवतात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस ऊन, कुंडलिकेच्या पात्रात धूळ, आणि नाना माळ्यावरची स्वेटरांची बॅग काढून गच्चीवर उन्हं दाखवतायत. ती बॅग दिसली की गल्ली समजते, नाना निघाले. आता यंदाच्या शालींची सोय झाली.

नाना हिमालय बघायला जातात असं गल्लीत कुणालाच वाटत नाही. खुद्द नानांनाही वाटत नाही. नाना भाव काढायला जातात.

त्यांच्या खिशात बियाणे कंपनीनं दिलेली डायरी असते. तिच्यातली पानं त्यांनी मला मोठ्या अभिमानानं वाचायला दिली आहेत. नैनितालच्या पानावर लिहिलंय : ‘मेणबत्ती मोठी, १८० सांगितली, ७० ला घेतली. तळं आहे.’ अल्मोडा : ‘तांब्याची भांडी हातानं ठोकतात. वजनावर देतात. व्यवहार सरळ.’ मसुरी : ‘नक्षीची काठी. २५० सांगितली, ९० ला दिली. काठी चांगली, गुडघा तोच.’ दार्जिलिंगच्या पानावर चहाचे चार दर आहेत आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात : ‘कांचनजंगा दोन दिवस ढगात. तिसऱ्या दिवशी दिसलं. ही रडली.’ भावाखेरीज अख्ख्या डायरीत एवढी एकच नोंद. तिच्याबद्दल विचारलं तर नाना चष्मा पुसायला लागतात.

शिमला-कुलूच्या खेपेला नाना-काकूंबरोबर मीही होतो. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस जालन्याला थांबते, त्यामुळे हिमालय आम्हाला तसा दारातच आहे. या गाडीची खासियत म्हणजे लंगर. वाटेतल्या स्टेशनांवर सेवादार कढी-भात, छोले, खिचडी घेऊन उभे असतात. जाणती माणसं घरून ताट-वाटी घेऊनच गाडीत चढतात. काकूंनीही घेतली होती. नानांनी वाढून घेतलं, जेवले, पण घास काही उतरेना.

“फुकट? कामून?”

मी गुरू नानकांपासून सांगायला घेतलं. ते त्यांना माहीत होतं. त्यांचं डोकं एका डब्याला तांदूळ किती आणि डबे किती यात अडकलेलं होतं. गाडी हलायच्या आत त्यांनी खिडकीतून एका सेवादाराच्या हातात शंभराची नोट कोंबायचा प्रयत्न केला. त्यानं हसून हात जोडले आणि कढीचा आणखी एक डाव घातला. ज्या मालाला भावच नाही असा माल नानांच्या आयुष्यात पहिल्यांदा आला होता. पुढचे दोन तास ते गप्प होते.

वाटेतली सांची मात्र रात्रीतच मागं गेली होती आणि नाना तेव्हा घोरत होते. मला चुटपुट लागली, कारण सांचीशी आमच्या जिल्ह्याचं जुनं नातं आहे. आमचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. भोकरदनला उत्खननात एका स्त्रीची हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि तिच्यासारखीच दिसणारी मूर्ती पार इटलीत, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली आहे. म्हणजे हस्तकलेची पारख ही आमच्याकडची दोन हजार वर्षांची खोड. हे सगळं मी सकाळी नानांना ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

“दान दिल्याची पावती दगडावर?” ते म्हणाले. “पक्कं काम, गुरुजी. आपले लोक हुशारच व्हते.”

भोकरदन नानांच्या दुकानापासून तास-दीड तासावर. बियाण्यांच्या वसुलीला ते कित्येकदा जाऊन आलेत. ती उत्खननाची टेकाडं बघायची मात्र राहूनच गेली आहेत. संभाजीनगर साठ किलोमीटरवर, तिथला हिमरू बघायला चला म्हटलं तर नानांचं उत्तर ठरलेलं. “हिमरू काय पळून चाललाय का?” पळून न जाणाऱ्या वस्तूत नानांना रस नाही. वस्तू लांबची पाहिजे, डोंगरातली पाहिजे, आणि विकणाऱ्यानं पहिल्यांदा दामदुप्पट सांगितलेली पाहिजे.

काल्का ते शिमला ही ९६ किलोमीटरची छोटी गाडी १९०३ साली सुरू झाली. वाटेत १०२ बोगदे आहेत. गाडीतली पोरं प्रत्येक बोगद्यात आरोळ्या ठोकत होती, काकू दरी बघून पदर तोंडाशी नेत होत्या, आणि नाना डब्यात फुटाणे विकायला आलेल्या पोराशी पुड्याच्या वजनावरून वाद घालत होते. शिमल्याला उतरल्यावर समोर देवदार, वर ढग. मी भारावून वळून बघतो तर नाना एका अर्धवट बांधकामातून बाहेर आलेल्या सळया न्याहाळत उभे. त्यांना बोल लावत नाही. ज्या गावच्या एमआयडीसीत रात्रंदिवस सळई ओतली जाते, त्या गावच्या माणसाचा पाय तिथं थांबायचाच.

नानांना भावात हरवणारा मला एकच भेटला, तो जाखूच्या मारुतीच्या देवळात. तिथली माकडं चष्मा पळवण्यात तरबेज आहेत, हे आम्हाला खालीच सांगितलं होतं. नाना १०८ फुटी मारुतीकडं मान वर करून बघत असताना (“सिमेंट किती गेलं असंल?”) एकानं चष्मा उचलला आणि भिंतीवर जाऊन बसलं. प्रसादाची पुडी दिली की चष्मा परत मिळतो, ही तिथली रीत. नानांनी अर्धी पुडी दाखवली. माकड ढिम्म. पूर्ण दाखवली. माकडानं ती घेतली, खाल्ली आणि चष्मा दुसऱ्या हातात धरला. शेवटी दुसऱ्या पुडीवर सौदा पटला. नाना खाली येईस्तोवर एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होते, “इसार घेतला अन् भाव वाढवला. आपल्या अडत्यांत बसंल हे.”

खरे नाना बघायचे ते शालीच्या दुकानात. बियाणं पारखायची आमच्याकडची रीत म्हणजे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बी पेरायला लायक. नाना जगातल्या प्रत्येक वस्तूची अशीच उगवण काढतात. खालच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या काश्मिरी दुकानदारानं ‘असली पश्मिना’ म्हणून शाल उलगडली, आकडा सांगितला चौदा हजार. नानांनी दशीतला एक धागा ओढला, खिशातली काडेपेटी काढली आणि दुकानदार ‘अरे अरे’ म्हणेपर्यंत पेटवलासुद्धा. जळक्या केसांचा वास आला. लोकर होती. नायलॉन असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. नानांनी ती राख बोटांवर चोळून काकूंच्या नाकाशी नेली. मग काकूंच्या बोटातली अंगठी काढून तिच्यातून शाल ओढायचा कार्यक्रम. शाल अर्ध्यावर अडकली. दुकानदार म्हणाला, अंगठी छोटी आहे. नाना म्हणाले, अंगठी लग्नातली आहे. यावर दोघंही थोडा वेळ गप्प बसले.

लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांच्या वरच्या केसांखाली असते ती मऊ लोकर म्हणजे पश्म. ती हातानं विंचरायची, हातानं कातायची, हातमागावर विणायची. एवढं करून ती तीन-चार हजारांत मिळणार नाही, हे मी नानांच्या कानात सांगितलं. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि दुकानदाराला म्हणाले, “चाचा, हाथ दो.”

आमच्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. धोतराच्या सोग्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून होतो, म्हणजे बघणाऱ्यांना आकडा कळत नाही. नानांनी तीच शाल दोघांच्या हातांवर पसरली आणि आत बोटं धरली. मला वाटलं, आता म्हातारा पोलिसाला बोलावतो. पण तो एकदम खुलला. शालींच्या दलालीत आमचे आजोबा-पणजोबा असाच सौदा करायचे म्हणाला, आणि मांडी ठोकून बसला. पाच मिनिटं त्या शालीखाली काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. नानांच्या भुवया वर जात होत्या, म्हाताऱ्याची दाढी हलत होती, काकू जांभया देत होत्या. मग दोघांनी हात बाहेर काढले, चहा मागवला, आणि नानांनी बत्तीसशे मोजले. बाहेर पडल्यावर म्हणाले, “माणूस घरंदाज हाय.” शालीबद्दल काहीच बोलले नाहीत.

कुलूला मात्र त्यांचा हिरमोड झाला. तिथल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ‘फॅक्टरी’ असतात. ड्रायव्हर न विचारता गाडी आत वळवतो, दारात कुणीतरी पांढराशुभ्र ससा तुमच्या मांडीवर ठेवतं आणि आतला यंत्रावर निघालेला माल सशाच्या नावावर खपतो. त्यातला बराचसा लुधियाना-अमृतसरच्या यंत्रमागांवरचा. म्हणजे आम्ही अंबाल्याला उतरायच्या ऐवजी सचखंडमध्ये तसेच बसून राहिलो असतो तर शालीच्या माहेरी पोचलो असतो. हे नानांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं आणि सशाला कुरवाळून परत दिलं.

शेवटी मी त्यांना भुट्टी विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात नेलं. १९४४ सालची संस्था, हातमागाची खरी कुलू शाल, काठावर ती ठसठशीत रंगीत भूमिती. नानांनी धागा न जाळताच माल पास केला. दोष एकच होता. किमतीची चिठ्ठी लावलेली, आणि ती बदलत नाही. नाना चिठ्ठीकडं, विकणाऱ्या पोरीकडं, पुन्हा चिठ्ठीकडं बघत राहिले. एवढा चांगला माल आणि बोलायला कुणी नाही! काकूंनी मात्र पहिल्यांदाच संबंध दिवसात मनासारखी एक शाल निवडली, स्वतःच्या पर्समधून पैसे दिले आणि पावती घडी घालून ठेवली. कुलू शालीला भौगोलिक मानांकन आहे, हे मी नानांची समजूत काढायला सांगितलं. ते उसळले, “आपल्या मोसंबीलाबी हाय की! म्हून काय बागवान भाव बोलायचं सोडतो का?”

आता कुणाला वाटेल माणूस चिक्कू. तसं नाही. पन्नास रुपयांसाठी दोन तास घालवून आणलेल्या शाली नाना आठवड्यात वाटून टाकतात. मुनीम, हमाल, दवाखान्यातली आया, वर्गमित्राची विधवा. मराठवाड्यात शालीशिवाय सत्कार नाही आणि सत्काराशिवाय कार्यक्रम नाही. तो पातळ, फोटोपुरता कपडा मेच्या उकाड्यात खांद्यावर घेऊन माणसं घाम पुसत बसतात. नानांनी दिलेली शाल त्यातली नसते, ती थंडीत वापरता येते. त्यांच्या हमालाच्या घरी नानांच्या तीन शाली आहेत. त्यातली एक पौषात वासराच्या अंगावर असते. कुणीतरी हे नानांना चुगली म्हणून सांगितलं. नानांनी विचारलं, “मग? वासराला गारवा लागतो का आता?”

बत्तीसशेची ती तेवढी दिली नाही. ती कपाटात.

डिसेंबरात एक काश्मिरी फेरीवाला सायकलवर गाठोडं लावून दरवर्षी मोंढ्यात येतो. नाना त्याला चहा पाजतात, त्याच्या मालाचे भाव डायरीत उतरवून घेतात आणि काही घेत नाहीत. दारात चालून आलेल्या मालाला किंमत नसते, हे त्यांचं मत. यंदा तो आला तेव्हा मी दुकानातच होतो. नानांनी पोराला घरी पिटाळून ती शाल मागवली, काउंटरवर पसरली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “ये क्या भाव की होगी?”

फेरीवाल्यानं शाल दोन बोटांत धरली. उजेडात नेली. दशी बघितली. मग त्यानं नानांच्या तोंडाकडं बघितलं, आणि ते त्यानं शालीपेक्षा जास्त वेळ बघितलं.

“सेठ, पंद्रह हज़ार से नीचे कोई देगा नहीं,” तो म्हणाला. “किस्मतवाले हो.”

नानांनी त्याच्या गाठोड्यातल्या दोन शाली उचलल्या, त्यानं सांगितला तो आकडा गल्ल्यातून काढून दिला आणि वर आणखी एक चहा सांगितला. पोराबरोबर शाल घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या होत्या.

“अवो, भाव तरी करायचा!”

“कामून?” नाना म्हणाले. “त्यानं आपल्या शालीचा कमी केला का?”