कानाला टोपी

आमच्या घरात कानात घालायची दोन यंत्रं आहेत. एक आईचं, ते ती घालत नसे. दुसरं माझं, ते मी काढत नाही. आईचं यंत्र घेतलं तेव्हा किंमत ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. माझं घेतलं तेव्हा किंमत ऐकून घर दोन दिवस गप्प होतं.

माझ्याकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे. कंपनीनं २०१४ साली तो विकणं थांबवलं, पण ही बातमी अजून माझ्या ठोकळ्यापर्यंत पोचलेली नाही. त्याच्या पोटात अब्दुल करीम खाँसाहेबांपासून किशोरीताईंपर्यंत सगळी घराणी एकाच बिऱ्हाडात नांदतात. इतकी वर्षं हे सगळं वैभव मी पदपथावरच्या दीडशे रुपयांच्या इअरफोनमधून ऐकलं. दर पावसाळ्यात त्यांचा एक कान जायचा आणि उरलेल्या कानानं मी दिवाळी गाठायचो. बँकेतून निवृत्त झालो त्या संध्याकाळी मनाशी ठरवलं, चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता स्वतःचे उडवायचे.

सल्लागार म्हणून भाच्याला धरलं. तो म्हणाला, "मामा, आधी रिव्ह्यू वाच." वाचले. एका इअरफोनचा खालचा स्वर मखमली होता, दुसऱ्याचा मधला रसाळ, तिसऱ्याचा वरचा जरा तिखट, पण मागाहून गोडवा रेंगाळणारा. मी इअरफोन घेतोय की देवगडची पेटी, हेच कळेना. मग आकडे आले. एकाची कक्षा ५ हर्ट्झपासून ४०,००० हर्ट्झपर्यंत. माणसाचा कान फार तर २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, आणि साठीला आलेल्या माणसानं बारा-तेरा हजारांच्या पुढची आशा सोडलेली बरी. म्हणजे वरच्या सत्तावीस हजारांचे पैसे मी भरणार आणि ते ऐकणार कोण? शेजारच्यांचा मोती. कुत्र्याला चाळीस हजारांच्या पुढचंही ऐकू येतं. गाडी नसताना सोसायटीत पार्किंगचा मेंटेनन्स भरण्यातलाच हा प्रकार.

त्यानंतर ड्रायव्हर. आवाज काढणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. साध्या इअरफोनमध्ये दर कानाला एक, भारीत चार, आणि फारच भारीत दहा-दहा. आमच्या स्टॉपवरच्या पीएमपी बसला एक मिळायची मारामार, आणि इथे एका कानात दहा! भाचा म्हणाला, "मामा, संख्येवर जाऊ नकोस. एकच चांगला असला तरी पुरतो." हे वाक्य मी लग्न ठरवणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, इअरफोनबद्दल प्रथमच.

शेवटी डेक्कनवरच्या एका गारेगार दुकानात गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, "काका, तुम्ही बेसवाले की ट्रेबलवाले?" म्हटलं, "मी पेन्शनवाला." त्यानं ट्रेमध्ये दागिने मांडावेत तसे इअरफोन मांडले. वायर खाली न सोडता कानावरून मागे घ्यायची असते, म्हणजे ती सदऱ्याला घासून खरखर करत नाही. आरशात पाहिलं, तर जानवं कानाला लावून घाईत निघालेला गृहस्थ दिसला.

चोवीस हजार मोजले. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. घरी आलो, दार लावलं, भीमसेनजींचा मालकंस लावला. तानपुरा असा लख्ख, की चार तारा वेगळ्या मोजाव्यात. पण तबल्यातला डग्गा गायब! उजव्या हाताची टिकटिक तेवढी येतेय आणि डावा हात जणू तबलजी घरी विसरून आलाय. दीडशे रुपयांत दोन हात मिळत होते, चोवीस हजारांत एकच.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "शंभर तास वाजवून ठेव, मग खुलतील." नवी चप्पल रुळवतात तसे म्हणे इअरफोनही रुळवतात. शंभर तास आयपॉड कपाटात गात राहिला. बायको कामवाल्या बाईंना सांगत होती, "कपाट उघडू नका, आत साहेबांची मैफल चालू आहे." शंभर तासांनी काढून लावले. डग्गा नाही तो नाहीच. पुढे माझ्या लक्षात आलं, की शंभर तासांत यंत्र रुळत नाही. आपला कान रुळतो, आणि गेलेल्या पैशांची सवय होते.

दुकानात परत गेलो. भांडणाची वाक्यं रिक्षातच जुळवली होती. मुलानं माझं ऐकून घेतलं, माझ्या कानात वाकून बघितलं आणि इअरफोनच्या टोकाची रबरी टोपी काढून खोक्यातली दुसरी, एक नंबर मोठी बसवली. म्हणाला, "आता ऐका, काका." आणि डग्गा आला! असा घुमत आला, की मी दुकानातल्या स्टुलावर मांडी ठोकून सम दिली.

कारण अगदी साधं. कानाचं भोक टोपीनं घट्ट बंद झालं नाही, तर फटीतून सगळ्यात आधी निसटतो तो खर्ज. वरचे स्वर टिकतात, खालचे पळतात. आणि माणसाचे दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मधली. साठ वर्षं हे दोन वेगळ्या मापांचे कान मी एकाच मापाचे समजून वागवत होतो. चोवीस हजारांच्या यंत्राची अब्रू खोक्यात फुकट आलेल्या रबराच्या हातात! या धंद्यात टोपी घालण्याला एवढं महत्त्व का, हे तेव्हा कळलं. आणि मामा तर मी भाच्याच्या जन्मापासूनच होतो.

टोपी नीट बसल्याचे तोटेही कळले. कान बंद झाला, की स्वतःच्या शरीराचे आवाज आत कोंडतात. इअरफोन लावून चिवडा खाऊन बघा. कवटीत कुणी भात कांडतंय असं वाटतं. चालताना आपलीच पावलं आपल्या मागे लागतात. फायदा मात्र मोठा. बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे आवाज कमी ठेवून भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, म्हणजे बँकेची नोकरी. त्यापेक्षा मोठ्यानं ऐकलं तर तास भराभर कमी होतात.

एका दुपारी केसरबाई ऐकत होतो. १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेली त्यांची ती साडेतीन मिनिटांची भैरवी. जुन्या तबकडीवरची सगळी खरखर आता टोपीच्या कृपेनं सुस्पष्ट ऐकू येत होती. डोळे मिटलेले. उघडले, तर समोर आई. हातवारे करत होती. मी एक कान मोकळा केला.

"दहा हाका मारल्या," ती म्हणाली. "कुकर बंद कर म्हणत होते. मला ऐकू यावं म्हणून यंत्र आणलंस, आणि तुला ऐकू येऊ नये म्हणून यंत्र आणलंस."

"तू तुझं घालत नाहीस," मी म्हणालो.

"शिट्टी मारतं मेलं. कुकरची कुठली आणि कानातली कुठली, कळत नाही."

तिचं यंत्र खणात होतं. सुईदोऱ्याच्या डबीशेजारी, दीड वर्ष. काढून पाहिलं. टोकाला तशीच रबरी टोपी, फक्त इवलीशी. एवढे रिव्ह्यू वाचल्याचा हा एकच उपयोग झाला. माझ्या इअरफोनमधला चिमुकला ड्रायव्हर मुळात श्रवणयंत्रांतलाच आहे, हे मी त्यांतच वाचलं होतं. श्रवणयंत्रांवर काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमोटिक या अमेरिकन कंपनीनं १९९१ मध्ये तो ईआर-४ नावाच्या इअरफोनमध्ये बसवून संगीतासाठी कानात घातला. म्हणजे आईचं यंत्र थोरलं घराणं आणि माझं त्याची चैनी शाखा.

दुसऱ्या दिवशी आईला कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, टोपी सैल आहे. यंत्रातून आलेला आवाज फटीतून बाहेर पडतो, पुन्हा यंत्राच्याच माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. त्यांनी एक नंबर मोठी टोपी बसवली. शिट्टी थांबली. दीड वर्ष आम्ही "आई हट्टी आहे" म्हणत होतो. हट्टी रबर होतं.

आता आईला सगळं ऐकू येतं. मी फोनवर भाच्याला इअरफोनची खरी किंमत सांगितली, तीसुद्धा. घरात मी बारा हजार सांगितले होते.

तेव्हा वाचकहो, भारी इअरफोन घ्यायचेच असतील तर अवश्य घ्या. पण दुकानातून हलण्याआधी खोक्यातल्या सगळ्या टोप्या दोन्ही कानांना वेगवेगळ्या लावून बघा. आणि घरात एखाद्या खणात शिट्टी मारणारं यंत्र पडलं असेल, तर ते आधी काढा. त्याची टोपी बदलायला बाईंनी आमच्याकडून वीस रुपयेही घेतले नाहीत.