ठेकेभाऊ

"ठेक्यावर देऊन टाका जी, झंझट खतम!"

हे वाक्य दिवसातून किमान दोनदा म्हटल्याशिवाय ज्यांना जेवण पचत नाही, ते आमचे ठेकेभाऊ. त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकात उरलंय. नळाला पाणी आलं नाही, ठेक्यावर द्या. बँकेत रांग लांबली, ठेक्यावर द्या. एकदा मयतीला खांदेकरी कमी पडले, तेव्हा स्मशानाच्या वाटेवरच त्यांनी हा उपाय सुचवला होता. तिरडी खांद्यावर असल्यामुळे कोणाला वाद घालता आला नाही.

सकाळी पेपर आला की बाकीचे म्हातारे आधी निधनवार्ता बघतात, ठेकेभाऊ निविदा सूचना बघतात. बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, काम पूर्ण करण्याचा कालावधी हे सगळं मोठ्याने वाचतात आणि घरचे दात घासता घासता ऐकतात. मग खिशात घडीची डायरी आणि वर पेन लावून स्वारी खांब तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर हजर. स्वतः एकही निविदा त्यांनी आजवर भरलेली नाही.

तसं नवलही नाही. भंडारा जिल्ह्यात माणूस लिलावाची बोली ऐकतच मोठा होतो. वैनगंगेचे रेतीघाट, जंगलातली तेंदूपानं, आठवडी बाजाराची वसुली, सगळ्यावर बोली. ठेकेभाऊ तर आपली परंपरा थेट मालगुजारीपर्यंत नेतात. शेतसारा गोळा करायचं काम इंग्रज सरकारने मालगुजारांकडे ठेवलं होतं, 1950 च्या कायद्याने ती पद्धत गेली, पण त्या काळातले तलाव 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' या नावाने अजून धानाला पाणी देतात. "पाहा, खासगी काम कसं टिकते!" आता त्यातले कित्येक तलाव गाळाने भरलेत असं म्हटलं, की उत्तर तयार असतं, "सरकारकडे गेल्यावर भरले ना जी!"

मी एकदा गोसेखुर्दचं नाव काढून बघितलं. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा धरणाचा अंदाज 372 कोटींचा होता, पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. ही सगळी कामं ठेकेदारांचीच की नाही? ठेकेभाऊंनी चहाचा घोट गिळला. "ठेकेदार बरोबर होता. अंदाजपत्रक सरकारी होतं." असं त्यांचं दरवेळी होतं. निम्मी गोष्ट सरकारी निघते आणि दोष नेमका त्याच अर्ध्या भागात सापडतो.

हा माणूस स्वतः मात्र सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटला आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. पेन्शन एक तारखेला जमा झाली नाही तर दोन तारखेला बँकेच्या दारात उभा. धाकटा मुलगा कंत्राटी नोकरीत. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. 2023 च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा आदेश काढला आणि पोरं रस्त्यावर उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. त्या संध्याकाळी टपरीवर पेढे कोणी वाटले असतील? मी म्हटलं, "भाऊ, हा तर तुमच्या तत्त्वाचा पराभव." पेढ्याचा पुडा पुढे करत म्हणाले, "पोराचं वेगळं असते जी."

तर या ठेकेभाऊंनी एके दिवशी जिल्हा कारागृहालाच हात घातला. राज्यातले जेल क्षमतेपेक्षा जास्त भरलेत, ही बातमी पेपरात आली होती. डायरी उघडली गेली. कैद्याचं जेवण, शिपायाचा पगार, विजेचं बिल असा हिशेब मांडून झाला. "मी सांगतो ना, जेल ठेक्यावर द्या. दर माणशी दर दिवशी रेट ठरवा, झंझट खतम."

मी सांगितलं, की ही कल्पना अमेरिकेत आधीच चाललीय. 1983 मध्ये तिकडे याच कामासाठी कंपनी निघाली आणि 1984 च्या जानेवारीत तिने ह्यूस्टन शहरातलं एक मोटेल भाड्याने घेऊन त्यातच पहिले बंदी ठेवले. माझा बेत त्यांना लाजवण्याचा होता. झालं उलटंच. ठेकेभाऊंचे डोळे चमकले. बसस्टँडजवळच्या एका लॉजच्या खोल्या ते बोटांवर मोजू लागले. "अटॅच्ड संडास आहे. फक्त पंखे काढा लागतीन."

"आणि कैदी पळाला तर?"

"सुरक्षा ठेवीतून कापायचं."

"खोल्या रिकाम्या राहिल्या तर?"

इथे ते जरा थांबले, कारण रेतीघाटाचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे. ठेकेदाराने बोली लावली म्हणजे तो वसुली करणारच, आणि कागदावर किती ब्रास अन् ट्रकात किती, हे वैनगंगेलाच ठाऊक. मी माहिती पुरवली, अमेरिकेतल्या काही करारांत लिहिलेलंच असतं, की ऐंशी-नव्वद टक्के खाटा भरलेल्या राहतील अशी हमी सरकारने द्यायची, रिकाम्या राहिल्या तरी पैसे भरायचे. अ‍ॅरिझोनात तर शंभर टक्क्यांची हमी दिली गेली होती. म्हणजे गुन्हे कमी झाले तर सरकारचा तोटा. ठेकेभाऊंनी यावर मान डोलावली. "किमान हमी पाह्यजेच. नाहीतं कोन टेंडर भरन? कमी पडले तं गोंदियावरून मागवू."

मी माझ्याकडचं मोठं हत्यार काढलं. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधारगृहाच्या बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांकडून पैसे घेतले आणि किरकोळ खोड्यांसाठी पोरांना आत धाडलं. 2009 मध्ये भांडं फुटलं, हजारो पोरांच्या शिक्षा रद्द झाल्या, एका न्यायाधीशाला 28 वर्षांची कैद झाली. टपरीवर सगळे गप्प. चहावाल्यानेही गाळणी हातातच धरली होती. ठेकेभाऊंनी चष्मा पुसला.

"तो न्यायाधीश ठेक्यावर होता काय?"

"नाही."

"सरकारीच होता ना! मंग?"

मग मी इस्रायल काढलं. तिथे तर 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. माणसाला कोंडून ठेवणं हे राज्याचं काम आहे, नफ्यासाठी ते दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही, असा निकाल. तुरुंगाची इमारतही बांधून झाली होती. ठेकेभाऊंच्या चेहऱ्यावर प्रथमच दुःख उमटलं. "बिचारा ठेकेदार. भरपाई भेटली असन ना त्याले?"

आपल्याकडे तुरुंग हा घटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय, मूळ कायदा 1894 चा इंग्रजी काळातला, आणि देशभरच्या तुरुंगांतल्या चार माणसांपैकी तीन जणांचा खटला अजून संपलेलाच नाही. यावर मी विचारलं, की यातला एखादा निर्दोष सुटला तर त्याच्या दिवसांचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं? "राहिला ना तेथी? मंग भाडं तं लागनच." हे बोलून ते स्वतःच हसले. मग हळूच म्हणाले, "नाही, हे जमत नाही. निर्दोषाचं बिल माफ." आणि डायरीत तशी नोंद केली. ठेकेभाऊंच्या जेलमध्ये निदान ही अट तरी असेल. अमेरिकेतल्या करारांपेक्षा आमच्या टपरीवरची निविदा जास्त माणुसकीची आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एवढं सगळं असूनही या माणसाच्या घरात काय काय ठेक्यावर आहे हे बघायला गेलात, तर काहीही सापडत नाही. मिक्सर बिघडला तर स्वतः उघडून बसतात (आणि एक स्क्रू नेहमी उरतो). धान निवडायला बाई लावत नाहीत. शेजारच्या पोरीच्या बारशालाही पाळणा स्वतः बांधतात. मुलीच्या लग्नात जावयाकडच्यांनी केटरर सुचवला, तेव्हा ठेकेभाऊंना घाम फुटला. "आपल्या घरचं जेवन का ठेक्यावर देतेत? तो तेल कोनतं टाकन, कोनाले उपाशी ठेवन, कोन पाहीन?" शेवटी रात्रभर कढईजवळ स्वतः खुर्ची टाकून बसले. वांगे-आलूच्या भाजीत मीठ किती हे तीनदा चाखून बघितलं, आणि पहाटे बुंदीच्या टोपाजवळच डुलकी लागली. पंगतीत सगळ्यात शेवटी, वाढपी जेवल्यावर जेवले.

तुमच्या गल्लीतही असा एखादा ठेकेभाऊ असणारच. दवाखाना, शाळा, जेल ठेक्यावर द्यायला तो निघाला, की त्याला अमेरिका-इस्रायल सांगत बसू नका, माझे श्रम वाया गेलेत. आईच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक कोणत्या ठेकेदाराला दिला होता, एवढंच विचारा. आणि उत्तराची वाट न बघता पंगतीला बसा, भाजी फार चांगली असते.