खालचं की वरचं?

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. 33 वर्षं बँकेत कॅशियर होते. पूर्वी पाचशेची नोट जशी उजेडाला धरून बघायचे, तसं आता टोमॅटोचं पान बघतात. देठ दोन बोटांत, चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला. मग पान उलटं करतात. मग त्यावरून अंगठा फिरवतात. मग एक लांबलचक ‘हंऽऽ’, आणि शेवटी तो प्रश्न, "खालचं की वरचं?"

पिवळं पान झाडाच्या बुडाकडचं की शेंड्याचं, एवढंच त्यांना हवं असतं. पण सूर असा, की आपल्याच हातून काही अफरातफर झाली असावी. मी एकदा घाबरून "मधलं" म्हणालो. ते निस्तरायला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात मला कळलं ते असं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगातली फिरती मंडळी. कमी पडली की म्हातारी पानं आपल्या ताटातलं शेंड्याच्या पोरांना वाढतात आणि स्वतः पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर खालचं पान सगळंच फिकं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. पालाश कमी असेल तर कडा करपतात. लोहाचं मात्र फिक्स डिपॉझिट. ठेवलं तिथून हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याचं कोवळं पान पिवळं होतं. "आणि मातीत लोह असतं रे," इथे काकांचा आवाज खाली येतो, "पण चुनखडीच्या मातीत झाडाला ते उचलता येत नाही. खात्यात पैसे आहेत, सही जुळत नाही!"

टेरेसवर त्यांच्या सहा कुंड्या आहेत. डिसेंबरात पहाटे माकडटोपी घालून, टॉर्च घेऊन ते राउंडला जातात. पानाखाली जांभळी झाक दिसली की स्फुरद. मुळं गारठली की त्यांना स्फुरद उचलता येत नाही, म्हणून एका थंडीत त्यांनी कुंडीला काकूंची जुनी शाल गुंडाळली होती. काकू दोन दिवस शाल शोधत होत्या.

माझा असा संशय आहे की निरोगी झाडात त्यांना रसच नाही. झाड हिरवंगार डोलत असलं की त्यांचा चेहरा पडतो. पान पिवळं पडलं की चहा दोनदा होतो. मागे एकांकडे आम्ही भेटायला गेलो होतो, त्यांचे वडील गेले होते म्हणून. सगळे खाली मान घालून बसलेले. काकांची नजर गॅलरीतल्या कुंडीकडे गेली. मी त्यांचा गुडघा दाबला. उपयोग झाला नाही. "फार वाईट झालं," ते त्या मुलाला म्हणाले, "हे किती दिवसांपासून पिवळं आहे?"

त्यांच्या घरात अंडं चालत नाही. त्यामुळे रविवारी दहाच्या सुमाराला आमची बेल वाजते. दारात काका, हातात कापडी पिशवी. "आज ऑम्लेट नाही का?" टरफलं कॅल्शियमसाठी. टोमॅटोचं बूड काळं पडून बसतं ना, त्याच्यावर उपाय. टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून काढायची असतात. मिक्सर कोणाचा, हे मी काकूंना सांगितलेलं नाही.

तरीही बुडं काळी पडतच होती. मग काकांनी मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट आणलं आणि चमच्याच्या जागी वाटी वापरली. मॅग्नेशियम जास्त झालं की ते कॅल्शियमची वाट अडवतं. बुडं आणखी काळी पडली. काकांनी वहीत नोंद केली. त्यांची एक वही आहे, डाव्या पानावर लक्षण, उजव्या पानावर उपाय. जमा आणि नावे.

शेवटी काकू वर आल्या. त्यांनी पान पाहिलं नाही. दोन पेरं बोट मातीत खुपसलं आणि म्हणाल्या, "अहो, चार दिवस नाशकाला लेकीकडे जाता, तेव्हा झाड कोरडं. आल्यावर बादली ओतता. तुम्हाला असं जेवायला घातलं तर?" निदान बरोबर होतं. कॅल्शियम मातीत असूनही पाण्याच्या धरसोडीमुळे फळापर्यंत पोचत नव्हतं. काका वहीकडे बघत राहिले. पाण्याचा रकानाच नव्हता.

एकदाच मी त्यांना हरलेलं पाहिलं. एका झाडाची पानं वाटीसारखी वळली, वाढ खुंटली. पांढरी माशी रोग घेऊन आली होती. शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. त्याला औषध नाही, झाड उपटायचं. आमचा दूधवाला जुन्नरकडचा, त्याच्या घरचे टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात जातात. तो जिन्यातूनच म्हणाला, "काका, उपटा. बाकीच्यांना लागंल." काकांनी झाड उपटलं, कागदात गुंडाळलं आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

यंदा पाच कुंड्यांत मिळून 23 टोमॅटो झाले. त्यांतले चार आमच्याकडे आले, टरफलांच्या बदल्यात. एकाचं बूड काळं होतं.